छोट्या होंडा जॅझ गाडीमागे ढोलांचा ट्रेलर : प्रकल्प नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार. मिल्टन कीन्स, इंग्लंड

आमच्या ढोल-ताशा पथकाच्या आजच्या बैठकीत ठरलं की यंदा गणपतीत दहाही ढोल एकाच फेरीत न्यायचे. ढोल वर्षभर आमच्या गॅरेजमध्ये असतात आणि कार्यक्रम आला की चार घरांच्या गाड्या रिकाम्या कराव्या लागतात. मागची सीट पाडायची, लहान मुलांना दुसऱ्याच्या गाडीत बसवायचं, तरी कुणाचा तरी ढोल मांडीवर. व्हॅन भाड्याने घ्यायची तर सुट्टीच्या दिवशी तिचं भाडं पथकाच्या वर्गणीला झेपत नाही. म्हणून मी ट्रेलरचं सुचवलं.

सगळ्यांनी एकच विचारलं, "एवढीशी जॅझ ओढेल का?" ओढेल की. एक ढोल घरच्या काट्यावर ९ किलो भरला, म्हणजे दहा ढोल ९० किलो. दीड माणसाचं वजन, पण जागा खातात खोलीभर. असं हलकं आणि मोठं सामान हेच छोट्या गाडीच्या ट्रेलरचं खरं काम आहे. ओढण्याला इंजिन पुरतं. वेळेवर थांबणं, मागचं धूड सरळ चालणं आणि मागून येणाऱ्याला आपले दिवे नीट दिसणं, या तीन गोष्टींवर सगळी मेहनत घालायची आहे.

काहीही विकत घेण्याआधी गाडीवरची चासी नंबराची पट्टी वाचली. तिच्यावर वजनांचे चार आकडे असतात : भरलेल्या गाडीचं कमाल वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, पुढच्या आसाचं आणि मागच्या आसाचं. दुसरा आकडा नसेल किंवा पहिल्याइतकाच असेल, तर ती गाडी ट्रेलरसाठी नाही, तिथेच विषय संपतो. आपल्याकडे पहिला आकडा १६०० किलोच्या आसपास आणि दुसरा त्याहून एक टन जास्त. गाडीच्या पुस्तकात ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १००० किलो आणि बिनब्रेकच्या ट्रेलरसाठी ४५० किलो दिले आहेत. इथला कायदा बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्मं, यांतलं जे कमी ते, एवढी सूट देतो. त्या हिशोबाने साधारण साडेपाचशे होतात. पण पुस्तक ४५० म्हणतं, तर आपल्यासाठी ४५०च.

हीच गाडी अमेरिकेत 'फिट' नावाने विकली जायची आणि तिथल्या पुस्तकात ट्रेलर ओढू नका असं लिहिलेलं आहे. तिथे ट्रेलरच्या तोंडाशी (म्हणजे तो गाडीला अडकतो त्या टोकाशी) एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ओझं ठेवायची पद्धत आहे, युरोपात साधारण ५ ते ७. महामार्गावरचे वेगही वेगळे. गाडी तीच असली तरी परवानगी त्या देशाच्या पुस्तकात बघायची.

२६ एप्रिल, शनिवार

ट्रेलर मिळाला. जुना, सहा बाय चार फुटी, बिनब्रेकचा, गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचा. आतून मापला : १८८ बाय १२७ सेंटीमीटर. आमचे ढोल २४ इंची, पण कडं आणि नट धरून ६२ भरतात. लांबीत तीन, रुंदीत दोन, म्हणजे खाली सहा ढोल उभे बसतात आणि बोटभर जागा उरते. उरलेले चार वरच्या थरात. विकणारे आजोबा बागेची माती वाहायचे. त्यांनी तळाला सागरी प्लायवूड टाकलेलं आहे, अजून टणक आहे.

चाकं धरून ट्रेलरची एकूण रुंदी गाडीपेक्षा किंचित कमी. त्यामुळे आरशांना जोडआरसे लावायची गरज नाही. हा मुद्दा विकत घेताना फार थोडे लोक बघतात. दोन्ही बाजूंनी मागचं दिसलं पाहिजे, हा इथला नियमच आहे.

५ मे, सोमवार (बँकेची सुट्टी)

आज टोबार बसवला, म्हणजे ट्रेलर अडकवायचा गाडीमागचा दांडा आणि त्यावरचा गोळा. १ ऑगस्ट १९९८ नंतर नोंदणी झालेल्या कारला इथे प्रमाणित टोबारच लागतो, वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेतलेला चालत नाही. टोबारवर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर 'एस' म्हणजे गोळ्यावर उभं किती ओझं चालेल ते (आमच्यावर ५० किलो) आणि 'डी' म्हणजे ओढताना-थांबताना बसणारा आडवा जोर किती सोसेल ते. 'डी' घरी काढता येतो : गाडीचं वजन गुणिले ट्रेलरचं वजन, भागिले दोन्हींची बेरीज, आणि त्याला ९.८१ने गुणायचं. १.६ टन गाडी आणि १ टन ट्रेलर धरला तर ६ किलोन्यूटनच्या थोडं वर येतं. आमचा टोबार त्याहून वरचा आहे आणि ट्रेलर पाव टनाच्या आगेमागेच राहणार.

मागचा बंपर उतरवला. खालच्या क्लिपा जुन्या झाल्यामुळे तुटणार हे धरून नव्या आणून ठेवल्या होत्या, तेवढ्या लागल्याही. बंपरमागे गाडीच्या दोन लांब तुळया येतात, त्यांतच टोबारच्या बाजूच्या पट्ट्या सरकवून बोल्ट घालायचे. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला तो खरवडण्यात. गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून जाड डांबरी थर असतो. टोबार जिथे टेकतो तिथला तो थर पूर्ण काढून पत्रा उघडा करावा लागतो. मऊ थरावर बोल्ट आवळला तर आज घट्ट वाटतो, पण महिन्याभरात थर दबतो आणि बोल्टचा ताण निघून जातो. खरवडलं, जस्ताचा रंग दिला, वाळू दिला, मग आवळलं. कागदात दिल्याप्रमाणे एम-१२ बोल्टना ७९ न्यूटन-मीटर आणि गोळ्याच्या एम-१६ बोल्टना १९५. एकशे पंच्याण्णवला लांब दांड्याचा टॉर्क पाना लागतो. पथकातल्या ताशेवाल्या दादांनी तो आणला आणि आवळलाही त्यांनीच. मोठे वायसर तुळईच्या आतल्या बाजूला घातले, बाहेरून मेणाचा फवारा मारला.

गोळा ५० मिलिमीटरचा, युरोपभर हाच. जमिनीपासून ३८ सेंटीमीटरवर आला आहे. भरलेल्या गाडीत तो ३५ ते ४२च्या मध्ये असायला हवा.

१० मे, शनिवार

वायरिंगचा दिवस. माझ्या मते हा या कामाचा गाभा आहे, कारण टोबार तुटल्याच्या गोष्टी मी फारशा ऐकल्या नाहीत, पण न पेटणारे ब्रेक दिवे रोज रस्त्यावर दिसतात.

जुन्या पद्धतीत गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरा सोलून ट्रेलरच्या वायरा जोडायचे. मग गाडीच्या वायरिंगवर आणि फ्यूजवर दुप्पट बल्बचा भार येतो. आजकालच्या गाड्यांत दिव्यांवर कॉम्प्युटरची नजर असते, तो तर लगेच बल्ब गेल्याची तक्रार करतो. त्यासाठी बायपास रिले वापरला. ही काड्यापेटीहून थोडी मोठी पेटी डिकीच्या डाव्या कोपऱ्यात, कार्पेटमागे बसते. गाडीच्या दिव्यांकडून ती फक्त इशारा घेते आणि ट्रेलरच्या बल्बना लागणारा करंट सरळ बॅटरीकडून देते. त्यासाठी बॉनेटपासून डिकीपर्यंत एक जाड वायर आणावी लागली. बॅटरीच्या अगदी जवळ १५ अँपिअरचा फ्यूज, मग दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून मागे. फ्यूज बॅटरीजवळच हवा, म्हणजे वाटेत वायर घासून उघडी पडली तरी आग लागण्याआधी तो उडतो.

सात पिनांच्या सॉकेटचे रंग इथे लिहून ठेवतो, पथकातल्या कुणालाही पुढे लागतील. १ पिवळी, डावा इंडिकेटर. २ निळी, मागचा धुक्याचा दिवा. ३ पांढरी, अर्थिंग. ४ हिरवी, उजवा इंडिकेटर. ५ तपकिरी, उजवा मागचा दिवा. ६ लाल, ब्रेक. ७ काळी, डावा मागचा दिवा. सॉकेटला जाणारी प्रत्येक वायर रबरी बुचातून नेली, मोकळ्या भोकातून नाही. डिकीत पाणी शिरलं की ते स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं आणि कुणाला कळतही नाही.

ट्रेलरचा इंडिकेटर खरंच चालतोय हे चालकाला कळलं पाहिजे, असा नियम आहे. रिलेसोबतचा बझर डॅशबोर्डखाली बसवला. वळताना टिक-टिकसोबत एक बारीक पी-पी येते.

११ मे, रविवार

ट्रेलर जोडून दिवे तपासले. डावा इंडिकेटर दिला की डावा मागचा दिवाही मंद लुकलुकायचा. ब्रेक दाबला की इंडिकेटरचे बल्ब लालसर व्हायचे. गाडीच्या सॉकेटवर मात्र टेस्ट लॅम्पने सगळं बरोबर येत होतं. म्हणजे दोष ट्रेलरमध्ये, आणि लक्षण बघता अर्थिंगमध्ये. बल्बमधून गेलेल्या करंटला पांढऱ्या वायरने परतायचं असतं. ती वाट बंद असली की तो शेजारच्या बल्बच्या तारेतून उलटा वाट काढतो आणि जे दिवे पेटायला नकोत ते पेटतात.

मीटरचं एक टोक डाव्या दिव्याच्या अर्थिंगला आणि दुसरं गाडीच्या पत्र्याला लावलं, मग इंडिकेटर चालू केला. इंडिकेटर पेटताना जवळपास ४ व्होल्ट दिसले. तिथे शून्याच्या जवळ असायला हवेत. पांढरी वायर ट्रेलरच्या दांडीला एका स्क्रूने धरलेली होती. स्क्रू काढला तर खाली पांढरी भुकटी आणि गंज. पॉलिश पेपरने चकचकीत केलं, वायरला नवीन गोल टर्मिनल दाबून बसवलं, दातेरी वायसर घातला, वर व्हॅसलीन. शिवाय दोन्ही दिव्यांना वेगळी पांढरी वायर सॉकेटपर्यंत नेली, म्हणजे पत्र्यावर अवलंबून राहायला नको. पुन्हा मोजलं, ०.१ व्होल्ट. आता प्रत्येक दिवा आपापलं काम करतो.

२४ मे, शनिवार

चाकं. टायर बघायला चांगले होते, नक्षीही खोल. पण बाजूच्या तारखेचे चार आकडे वाचले तर २३११, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, उभ्या उभ्या म्हातारा होतो. दोन्ही बदलले आणि एक स्टेपनी घेतली. चाकं दहा इंची, गाडीच्या चाकांपेक्षा लहान, त्यामुळे त्याच वेगाला खूप जास्त फिरतात आणि बेअरिंगची परीक्षा घेतात. बेअरिंगं काढून डिझेलमध्ये धुतली, बोटाने फिरवून बघितली, एकात खरखर लागली म्हणून चारही नवी. ग्रीस तळहातावर घेऊन बेअरिंग त्यावर दाबत भरलं, रोलरांच्या मधून वर आलेलं दिसेपर्यंत. कॅसल नट (खाचांचा नट) चाक फिरवत आवळायचा, मग थोडा सैल सोडायचा, पहिल्या भोकाशी जुळला की नवी स्प्लिट पिन.

७ जून, शनिवार

कागदपत्रं. विमा कंपनीला टोबारचं कळवलं, त्यांनी नोंद घेतली, हप्ता वाढवला नाही. ट्रेलरला इथे वेगळी नोंदणी लागत नाही, पण मागे गाडीच्याच नंबराची पिवळी पाटी लावावी लागते. लाल त्रिकोणी परावर्तक आधीपासून होते, एक तडकलेला बदलला. परवान्याचा प्रश्न पथकातल्या नव्या मुलांनी विचारला : १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार परवान्यावर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

१४ जून, शनिवार

आज पूर्ण भार भरून तोल मोजला. जाळीचा पिंजरा बसवून रिकामा ट्रेलर १७५ किलो, ढोल ९०, स्टेपनी १०. एकूण २७५. त्याचे सात टक्के म्हणजे साधारण १९ किलो तोंडाशी, म्हणजे गोळ्यावर, यायला हवेत.

मोजायची रीत सोपी आहे. सपाट जमिनीवर ट्रेलर उभा करून चाकांना अडणी लावायची. ट्रेलरचं तोंड गोळ्याच्या उंचीवर येईल एवढा लाकडी दांडका कापायचा, खाली न्हाणीघरातला वजनकाटा, त्यावर दांडका, दांडक्यावर ट्रेलरचं तोंड. पुढचं छोटं चाक वर घ्यायचं आणि काटा वाचायचा.

पहिल्यांदा आले ८ किलो. हे धोक्याचं. तोंड हलकं असलं की वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि शेपटी गाडीला हलवते. स्टेपनी मागच्या फळीवर टांगलेली होती, ती पुढच्या फळीवर आणली. काटा १६वर गेला. हिशोबही जुळतो : चाकापासून गोळ्यापर्यंत १.९ मीटर आणि दहा किलोची स्टेपनी दीड मीटर पुढे सरकली, म्हणून तोंडाशी जवळपास ८ किलो वाढले. मग वरच्या थरातले चार ढोल वीतभर पुढे सरकवले. २० किलो. तिथे पिंजऱ्याला पिवळ्या रंगाने खूण केली. कुणीही भरलं तरी वरचे ढोल त्या खुणेला टेकलेच पाहिजेत.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. ते तासगावकडे आयुष्यभर बैलगाडीने ऊस वाहिलेले. मी टक्के सांगत होतो तर म्हणाले, "अरे, धुरेवर जरा ओझं राहू दे. मागं जड झाली की गाडी उलाळ होते आणि बैलाचा गळा आवळतो. लई पुढं पण नको, मान मोडते." माझ्या अख्ख्या दुपारचं काम त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. इथे मानेच्या जागी गाडीचा मागचा आस आहे. गोळा आसाच्याही मागे असल्यामुळे २० किलोंचा दाब त्याला जास्तच जाणवतो आणि पुढची चाकं तेवढी हलकी होतात, आणि जॅझ पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे. म्हणून डिकीत फक्त ताशे आणि टिपरू, जड पेटी पुढच्या सीटच्या पायाशी, आणि मागच्या टायरांत पूर्ण भाराची हवा.

२९ जून, रविवार

एका बंद ऑफिसच्या रिकाम्या पार्किंगमध्ये परवानगी काढून रिव्हर्सचा सराव केला. छोटा ट्रेलर लांबलचक कारवानपेक्षा अवघड असतो. तो फार पटकन वळतो आणि सरळ असताना मागच्या काचेतून दिसतच नाही. त्याच्या मागच्या दोन कोपऱ्यांना पथकाचे दोन छोटे भगवे झेंडे काठीसकट बांधले, की तो कुठे आहे ते दिसतं. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात न्यायचा. थोडं वळवायचं, लगेच सरळ करायचं. कोन वाढतोय असं वाटलं की पुढे जाऊन सरळ करून पुन्हा सुरुवात. अगदीच अडलं तर ट्रेलर सोडून दोघांनी हाताने ढकलावा, पावणेतीनशे किलो सपाटीवर सहज हलतात.

जोडल्यावर एक चाचणी प्रत्येकाने करायचीच असं ठरवलं. खटका बसला की पुढच्या छोट्या चाकाची मूठ फिरवून ट्रेलरचं तोंड वर उचलायचं. गाडीची शेपटी सोबत उचलली गेली तर पकड खरी. मग साखळी : वळताना ताणणार नाही इतकी लांब, पण तोंड सुटलं तर ते रस्त्याला टेकणार नाही इतकी आखूड.

१२ जुलै, शनिवार

सार्वजनिक वजनकाट्यावर भरलेला ट्रेलर सोडून तोलला. तिथला काटा २० किलोच्या टप्प्याने बोलतो, पावती २८०ची. घरच्या हिशोबाशी जुळलं. गावातले गोल चौक घेताना ट्रेलरची डावी बाजू कोपरा कापते, म्हणून थोडं बाहेरून वळायचं.

९ ऑगस्ट, शनिवार

एम-१ महामार्गावरून लेस्टर, जंक्शन १४ ते २१, तिथल्या मंडळाबरोबर एकत्र तालमीसाठी. ट्रेलर असताना महामार्गावर कमाल ६० मैल, मधे दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर ५०, आणि तीन किंवा जास्त पदर असतील तर सगळ्यात उजव्या पदरात जायचं नाही. मी ५५ला धरून होतो. तिथे गाडी शांत चालते आणि ट्रेलर मागे आहे हे आरशातूनच कळतं. उंच ट्रक बाजूने गेला की वाऱ्याचा एक धक्का बसतो. तेव्हा स्टिअरिंग झटकायचं नाही. झुलायला लागलाच तर पाय ॲक्सिलरेटरवरून हळूच काढायचा, ब्रेक मारायचा नाही, आपोआप सावरतो. आज तशी वेळ आली नाही.

ब्रेकचा फरक मात्र खरा आहे. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नाहीत, तेव्हा थांबवण्याचं सगळं काम गाडीच्या चार चाकांवर. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवलं आणि चढावर चौथ्या गिअरला लाज धरली नाही.

वॉटफर्ड गॅपला थांबून दोन्ही हब (चाकांचे बेअरिंगवाले मधले भाग) हाताने चाचपले. कोमट, हात टेकवून ठेवता येत होता. पट्टे मात्र सैल झाले होते, कारण ढोल हादऱ्याने एकमेकांत बसतात आणि जागा होते. आता नियम : निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत एकदा थांबून पट्टे पुन्हा आवळायचे. ढोलांच्या मधे जुन्या सतरंज्यांच्या पट्ट्या घातल्या, ढोलांचे नट एकमेकांच्या पानाला (वाजवायच्या पडद्याला) लागू नयेत म्हणून.

३१ ऑगस्ट, रविवार

काल कार्यक्रम झाला. दहाही ढोल एका फेरीत, मुलं आपापल्या आईवडिलांच्या गाडीत. उतरवायला दहा मिनिटं लागली, आधी ढोल गोळा करण्यातच तास जायचा.

आज टोबारचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. गोळ्याचे दोन्ही जागेवर. तुळईतला उजवीकडचा मागचा एम-१२ किंचित फिरला, ७९वर पुन्हा आणला, रंगाची रेघ ओढली, म्हणजे हलला तर दिसेल. दिवे सगळे ठीक, अर्थिंग अजून ०.१ व्होल्ट.

परतीच्या पावसात ताडपत्रीच्या पुढच्या शिवणीतून पाणी आलं आणि पुढच्या रांगेतल्या दोन ढोलांच्या दोऱ्या ओल्या होऊन ढिल्या पडल्या. शिवण मेणाने बंद करायची आहे आणि पुढच्या फळीला वाऱ्याकडून पाणी अडवणारी रबरी झालर लावायची आहे. रबर मागवलं आहे, दसऱ्याच्या कार्यक्रमाआधी बसवतो.